चारशे बारा नंबरचे दोघे

“चारशे बारा.”

“हजर.”

प्रधानसाहेबांनी यादीवर खूण केली आणि पुढचा नंबर पुकारला. हजर म्हणणारा हुसेन होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की काशिनाथ आत आहे.

समोर पेंट शॉपच्या छपरातून काळा धूर निघत होता. थिनरचं पिंप पेटलं होतं. दुपारचे सव्वाचार वाजले होते. भोंगा झाला तशी सगळी माणसं गेटसमोरच्या मैदानात येऊन रांगा करून उभी राहिली होती. कंपनीचा नियम असा की आधी गिनती. त्या शेडचा माणूस कमी भरला तर त्याला शोधायला आत जायचं. गिनती पुरी भरली तर पेंट शॉपचं लोखंडी शटर खाली ओढायचं, म्हणजे आतली हवा तुटते आणि आग कोंडून विझते. दोन माणसं शटरची साखळी धरून तयार उभी होती.

“साहेब, चारशे बारा दोन हायेत,” मी म्हणाले.

“अनसाबाई, गिनती चालू आहे. मध्ये बोलू नका.”

“एकच बोललाय. दुसरा आत हाय. काशिनाथ.”

“काशिनाथ पहिल्या पाळीचा. तो साडेतीनला सुटला.”

“न्हाई सुटला.”

त्यांनी यादी माझ्या तोंडासमोर धरली. “हे बघा. चारशे बारा. एक ओळ, एक खूण.” मग उरलेले नंबर भराभर पुकारले, शेवटची खूण केली आणि साखळीवाल्यांकडे वळून म्हणाले, “गिनती पुरी. ओढा शटर.”

पुढचं सांगण्याआधी एका नंबरावर दोन माणसं कशी आली ते सांगते. आग थिनरने लागली, पण काशिनाथ आत राहिला तो थिनरमुळे नाही.

मी चौथी शिकलेली बाई. चिखलीकडची आमची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा घरटी एक नोकरी देऊ म्हणाले. नवरा आधीच वारला होता, म्हणून ती नोकरी मला मिळाली. कंपनी ट्रकच्या केबिनी बनवायची. तिचं नाव लिहीत नाही. तिच्यात नोकरी केलेली माणसं ओळखतील आणि बाकीच्यांना नावाचा उपयोग नाही. मला टाइम ऑफिसात बसवलं. काम एकच, बिल्ले सांभाळायचे.

बिल्ला म्हणजे पितळेची रुपयाएवढी चकती. तिला वर भोक आणि मधे ठोकलेला नंबर. गेटच्या आतल्या बाजूला भिंतीवर दोन मोठे फळे होते. एकावर लिहिलेलं ‘बाहेर’, दुसऱ्यावर ‘आत’. दोन्हींवर सारखे खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. कामगार आला की ‘बाहेर’वरचा आपला बिल्ला काढायचा आणि ‘आत’वर अडकवायचा. जाताना उलट. बस, एवढंच. पण त्या एवढ्यामुळे कारखान्यात या घडीला कोण आहे आणि कोण नाही, हे भिंत सांगायची. कुणी येऊन विचारलं तर मी चहाचा घोट गिळायच्या आत आकडा सांगायचे, आणि तो चुकायचा नाही.

नंबर का, नाव का नाही, असं लोक विचारतात. आमच्याकडे बाळू गायकवाड नावाचे चार जण होते. एकदा त्यातल्या एकाच्या घरून निरोप आला, बाळूची आई गेली. चौघेही रडत गेटवर आले. निरोपात नंबर असता तर तिघांना रडावं लागलं नसतं. तेव्हापासून निरोप घेताना मी आधी नंबर विचारायचे.

माझा स्वतःचा म्हणून एक नियम होता. एका हाताला एक बिल्ला. कुणी यार-दोस्ताचा बिल्ला लावायला गेला की मी लाकडी पट्टी हातावर मारायचे. भोसरीचा एक जण मोठा हुशार. म्हणायचा, “मावशी, तो सायकल लावतोय, आलाच.” मी म्हणायचे, “मग बिल्ल्यालाबी येऊ दे त्याच्यासंगं.” दात विचकत हात मागे घ्यायचा. माझ्या पट्टीला सगळे हसायचे, पण माझ्या फळ्यावर ‘आत’ लिहिलेलं असेल तर तो माणूस खरोखर आत असायचा. यात मला तेव्हा मोठेपणा वाटायचा आणि अजून वाटतो. खोटं कशाला बोलू.

मेलेल्या माणसाचा नंबर मात्र कुणी घ्यायचं नाही. एकशे सदतीस नंबरवाला प्रेसखाली सापडून गेला. त्याचा बिल्ला तीन नव्या माणसांना दिला, तिघांनी परत आणून टेबलावर ठेवला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण कामाचा खोळंबा नको म्हणून तो खिळा मी रिकामा ठेवला. असे रिकामे खिळे वाढत गेले.

एकेका फळ्यावर खिळे नऊशे नव्व्याण्णव. ज्या सुताराने तो केला त्याला कुणी आकडा सांगितला नव्हता. तीन आकड्यांचा नंबर सुंदर दिसतो म्हणून त्याने तिथवर नेला. सुरुवातीला निम्मे खिळे मोकळे असायचे. मी तेही फडक्याने पुसायचे.

मग मशीन आलं. म्हणजे मशीन मुंबईला, मोठ्या ऑफिसात. आमच्याकडे आली ती त्याची कार्डं. जाड पुठ्ठ्याची, हाताच्या पंजाएवढी लांब. कार्डावर ऐंशी घरं असायची आणि एका घरात एक आकडा किंवा एक अक्षर मावायचं. वरच्या मजल्यावर मुली बसून त्या घरांना भोकं पाडायच्या, भोकं वाचून मशीन हिशेब करायचं आणि मुंबईहून कागदाच्या लांबच लांब याद्या यायच्या. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. त्यावर कुठलं घर कशाला द्यायचं हे ठरवायला मुंबईहून एक साहेब आले होते. चष्मा, पांढरा शर्ट, बोलायला सभ्य. ते फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

“बाई, एकंदर बिल्ले किती?”

“नऊशे नव्व्याण्णव,” मी म्हणाले. “एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई.”

“म्हणजे तीन घरं पुरतील.”

प्रधानसाहेब आमच्या टाइम ऑफिसचे मुख्य. ते शेजारीच होते. म्हणाले, “आरामात पुरतील.” चष्मेवाल्यांनी वहीत लिहिलं, तीन. मी खूश होते. एवढा शिकलेला माणूस मला विचारून लिहितोय म्हणून.

आता माझी नात हिंजवडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणते, “आजी, आज किती आहेत हे विचारायचंच नसतं. उद्या किती होतील ते विचारायचं आणि त्याच्या दुप्पट जागा ठेवायची.” मी तिला म्हटलं, हे तू मला शिकवू नकोस.

दोन-तीन वर्षांत ऑर्डरी वाढल्या. मागच्या बाजूला नवी शेड उभी राहिली, माणसं भरायला लागली. सगळी बदली कामगार, आज आहे उद्या नाही, पण रोज येणारी. मी प्रधानसाहेबांना सांगितलं, खिळे संपत आलेत. ते म्हणाले, बघू. मी पुन्हा सांगितलं, पंचवीस राहिलेत. ते म्हणाले, बघतो म्हटलं ना. सुताराला मी परस्पर विचारून आले. तो म्हणाला, दोन दिवसांत फळा वाढवून देतो, फळीच तर लावायची.

“फळा वाढेल हो,” प्रधानसाहेब म्हणाले, “कार्ड कुठे वाढतंय? नंबराला तीन घरं आहेत. पुढची सगळी घरं भरलेली. एक घर सरकवायचं तर मशीनचं सगळं काम पहिल्यापासून लिहावं लागतं. मुंबईवाले म्हणतात, वर्षभर थांबा.”

“मंग भरतीबी वर्षभर थांबवा.”

ते हसले. मग त्यांनी तोडगा काढला. मुंबईने तो मान्य केला आणि त्यांची पाठ थोपटली, असं ऐकलं. तोडगा असा: कार्डावर पाळीचं एक घर होतंच. मग एकच नंबर दोघांना द्यायचा, एकाला पहिल्या पाळीत, दुसऱ्याला दुसऱ्या पाळीत. नंबर आणि पाळी मिळून मशीनला माणूस वेगळा कळेल. आणि फळ्यावर? फळ्यावर एकच बिल्ला. सकाळच्या माणसाने साडेतीनला जाताना तो हलवायचाच नाही, कारण त्याच नंबरवाला दुसरा आत येतोच आहे. शेवटच्या पाळीवाला जाताना ‘बाहेर’ला लावेल.

एका हाताला एक बिल्ला म्हणून मी इतकी वर्षं लोकांच्या हातावर पट्ट्या मारल्या. आता कंपनीच दोन हातांना एक बिल्ला देत होती.

मी विचारलं, “आन पहिला थांबला तर? दोघंबी आत असतील तर?”

“थांबला तर सुपरवायझर चिठ्ठी लिहील.”

“चिठ्ठी कुठं जाती?”

“वर. दुसऱ्या दिवशी कार्डावर चढते.”

“आन काय झालंच तर ते दुसऱ्या दिवसापतुर थांबणार का?”

“अनसाबाई, तुम्ही फार विचार करता,” ते म्हणाले. “तुम्ही बिल्ले पुसा.”

हे वाक्य मी आजवर विसरले नाही. मी बिल्ले पुसले. नोकरी होती, दोन मुली होत्या, नियम पाळला. हे लिहून ठेवते, कारण नंतर पुष्कळांनी सांगितलं की त्यांचा या तोडग्याला विरोध होता. तेव्हा तोंड उघडलेलं मला तरी कुणी दिसलं नाही, आणि मीही एकदा बोलून गप्प बसले.

त्यानंतर गिनतीही बदलली. पूर्वी भोंगा झाला की मी फळा वाचायचे. आता मुंबईहून शेडवार याद्या छापून येऊ लागल्या, त्यात नुसते नंबर. नावांना जागा फार लागते म्हणून नावं काढली. पाळी सुरू झाली की कारकून फळा बघून त्या यादीत ‘आत’ असलेल्यांपुढे रेघ मारायचा. गिनती झाली की त्या रेघेवर खूण. नंबर एक, रेघ एक.

चारशे बारा नंबर काशिनाथचा. मोशीचा माणूस, पहिल्यापासून पेंट शॉपला, पन्नाशीला आलेला. तोच नंबर दुसऱ्या पाळीत हुसेनला मिळाला. हुसेन तळेगावचा, लोकलने यायचा, वयाने निम्मा. दोघांचं गूळपीठ जमलं होतं. काशिनाथ त्याला सवत म्हणायचा. साडेतीनला बाहेर पडताना माझ्या टेबलाशी थांबायचा, माझ्या डबीतला चुना बोटावर घ्यायचा आणि विचारायचा, “मावशी, माझी सवत आली का? नीट नांदतीय ना?” मी त्याच्याहून लहान, तरी मावशीच. हुसेन मागून म्हणायचा, “नंबर तुमचा, घर तुमचं, मी आपली सैपाकापुरती.” रोज तेच, आणि रोज रांगेतली माणसं हसायची.

त्या दिवशी साडेतीनला काशिनाथ आला नाही. शेकडो माणसं माझ्यासमोरून बाहेर जातात, सगळी मी मोजत नाही. पण चुन्याची डबी टेबलावर तशीच राहिली आणि ती माझ्या नजरेत आली. हुसेन आत जाताना मी म्हणाले, “तुझी सवत थांबलीय वाटतं.” तो आत जाऊन आला आणि खिडकीशी सांगून गेला, “मावशी, दोन केबिनी राहिल्यात. तासाभरात निघतो म्हणाले. मला बाहेरच्या रॅकवर घातलंय.” म्हणजे चारशे बारा दोघेही आत, आणि भिंतीवर एक बिल्ला. मला ते दिसत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार होते?

पाऊण तासाने भोंगा झाला.

आता शटरकडे येते. साखळी खडखडत शटर खाली येऊ लागलं. माझ्या शेजारी टाइम ऑफिसातलं लोखंडी स्टूल होतं. गिनतीच्या वेळी प्रधानसाहेबांना त्यावर उभं राहायचं असायचं, ते उचलून मैदानात नेणं माझं काम. साहेब उतरले होते. मी स्टूल घेतलं आणि पळत जाऊन शटरखाली टाकलं. शटर त्यावर येऊन टेकलं आणि थांबलं. खाली माणूस सरपटेल एवढी फट राहिली.

“बाई, वेड लागलं का?” प्रधानसाहेब धावत आले. “हवा मिळाली तर आग भडकेल. जबाबदारी कोणाची?”

“लिहून घ्या. बिल्ला नंबर एकशे नऊ. ह्यो एकटीचाच हाय.”

ते स्टूल ओढायला वाकले. तोवर हुसेनने पोतं पाण्याच्या हौदात बुचकळून अंगावर घेतलं होतं. म्हणाला, “साहेब, माझ्या नंबरचा माणूस आहे. मला जाऊ द्या.” परवानगीची वाट त्याने बघितली नाही. पोटावर पडून आत गेला. मी फटीपाशी बसून काशिनाथच्या नावाने हाका मारत राहिले. नंबराने नाही.

थोड्या वेळाने फटीतून एक हात बाहेर आला. मला वाटलं हुसेन. दोघातिघांनी मिळून ओढला. तो तिसराच माणूस निघाला. काळा झालेला, खोकत होता, डोळे उघडत नव्हते.

“तू कोण रं?”

“सातशे तीस,” तो म्हणाला.

सातशे तीसला खूण झाली होती. सातशे तीस मैदानात दुसऱ्या रांगेत धडधाकट उभा होता. हा गणपत, त्याच नंबरचा पहिल्या पाळीवाला, तोही कामासाठी थांबलेला. तो आत आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तो कधी चुना मागायला थांबत नसे. मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा. काशिनाथसाठी उघडी ठेवलेली फट त्याला उजेडासारखी दिसली आणि तो तिच्याकडे सरपटत आला. मला सगळी माणसं तोंडपाठ आहेत असं मी मिरवत होते. नव्हती. डोक्यात माणसं ठेवता येत नाहीत, म्हणूनच भिंतीवर खिळे ठोकलेले होते. ते आम्ही मोडून ठेवले.

मग हुसेन काशिनाथला बगलेत धरून ओढत घेऊन आला. काशिनाथ रंगाच्या पंपाच्या खोलीत पडला होता. श्वास चालू होता. तिघांनाही जीपमध्ये घातलं. शटर त्यानंतर खाली ओढलं. आग अर्ध्या तासात विझली.

आठ दिवसांनी मुंबईहून चष्मेवाले साहेब आले. त्याच फळ्यापुढे उभे राहिले. या वेळी वही काढली नाही.

“तुम्ही किती हायेत तेवढंच इचारलं,” मी म्हणाले. “किती होतील ते न्हाई इचारलं.”

“विचारलं होतं बाई. प्रधानसाहेबांना. नऊशेच्या वर कधी जाणार नाही, असं त्यांनी लेखी दिलंय.” मग म्हणाले, “पण तेवढ्यावर मी थांबायला नको होतं. एक घर जास्तीचं ठेवायला हवं होतं.”

“आता वरीस लागंल म्हणं.”

“नाही. कालच केलं. चार आकडे झाले.”

“कसे झाले? सगळी घरं भरल्याली होती ना?”

ते म्हणाले, “कार्डावर नंबराच्या शेजारीच सायकल स्टँडच्या नंबराची तीन घरं होती. ती काढली.”

म्हणजे इतके दिवस मशीनमध्ये सायकलीला जागा होती. एक घर माणसाला द्यायचं तर वर्ष लागत होतं, आणि दोन माणसं भाजल्यावर आठवडा पुरला. मशीनवर माझा राग नाही. त्याला जेवढी भोकं दिली तेवढंच ते वाचतं. माझा राग ती यादी हातात धरून समोरच्या माणसाचं न ऐकणाऱ्यावर आहे. प्रधानसाहेबांची पुढे बदली झाली, वरच्या जागेवर. सुताराने दोन दिवसांत फळा वाढवून दिला, म्हणाल्याप्रमाणे. मी त्यापुढेही बरीच वर्षं त्याच खुर्चीवर बसले आणि एका हाताला एकच बिल्ला दिला. कुणी दुसरं काही सांगायला आलं तर त्याला मी बसू दिलं नाही.

काशिनाथ तिसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात वारला. हुसेन दीड महिना दवाखान्यात होता, तो जगला. गणपत जगला. त्याला मी हाक मारली नव्हती.